दातवण ते ब्लीचिंग : एका हास्याचा इतिहास

दोन वर्षांपूर्वी पाडव्याच्या फोटोसाठी आमची लेक काही केल्या हसेना. "आई, माझे दात वाकडे आहेत आणि पिवळेपण!" पंधरा वर्षांची पोर, शारजाच्या शाळेत तिच्या अर्ध्या वर्गाच्या दातांना तारा. हिला तारा हव्या होत्याच, शिवाय दात पांढरेशुभ्रही करून हवे होते. मला मात्र पणजी आठवली. तिचे दात काळे कुळकुळीत होते, आणि तिला त्याचा केवढा अभिमान!

आजच्या मुलांना खरं वाटणार नाही, पण महाराष्ट्रात एके काळी दातवण लावून काळे केलेले दात हे सवाष्णीचं लेणं होतं. दातवणात हिरडा, मायफळासारखे तुरट पदार्थ आणि हिराकस असे. तुरट टॅनिन आणि हिराकशीतलं लोखंड एकत्र आलं की काळा रंग तयार होतो. जुनी शाईही अशीच बनायची. जपानी बायकाही याच रसायनाने दात काळे करत. तिथल्या सरकारने १८७० साली उमराव घराण्यांना ही प्रथा बंद करायला लावली.

दात स्वच्छ ठेवण्याची परंपरा त्याहून जुनी. सुश्रुतसंहितेत बारा अंगुळं लांबीची दातकाडी सांगितली आहे. कडुनिंब, खैर, करंज किंवा मोहाची. इथल्या बाजारात मिळणारा मिसवाक म्हणजे अराक झाडाची काडी, आपल्याकडचं पिलू. पुढे घरोघरी राखुंडी आली, आणि दुर्दैवाने तंबाखूची मशेरीसुद्धा. तिने दात काळे केलेच, वर कॅन्सरही दिला. १९५२ मध्ये केशव विष्णू पेंढरकरांनी मुंबईत 'विको' सुरू केली आणि 'वज्रदंती' घराघरात पोचली.

वाकडे दात सरळ करायचा पद्धतशीर प्रयत्न फ्रान्सच्या पिअर फोशार यांनी १७२८ च्या ग्रंथात मांडला. अमेरिकेच्या एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये दातांच्या ठेवणीचं वर्गीकरण केलं, ते आजही वापरतात. भारतात ऑर्थोडॉन्टिस्टांची संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली. तारेचं तत्त्व सोपं आहे : हलका, सततचा दाब. दात सरकतो त्या बाजूचं हाड विरघळतं, मागे नवं तयार होतं. म्हणूनच दीड-दोन वर्षं लागतात, आणि नंतर रिटेनर घातला नाही तर दात पुन्हा जुन्या जागी जाऊ पाहतात. तारेऐवजी पारदर्शक अलाइनर १९९० च्या दशकाअखेर आले.

दात पांढरे करण्याची घरगुती ट्रे-पद्धत १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात पेरॉक्साइडचा ऑक्सिजन डागांचे रंगकण फोडतो. पण फिलिंग आणि कॅप यांचा रंग बदलत नाही, दात काही दिवस सळसळतात, आणि चहा-कॉफीने पांढरेपणा हळूहळू उतरतो.

आमच्या डॉक्टरांनी लेकीला क्रम समजावला : "आधी स्वच्छता, मग तारा. ब्लीचिंग मोठी झाल्यावर, हवंसं वाटलंच तर. तारा असताना केलंस तर ब्रॅकेटखालचा भाग तसाच राहील आणि ठिपके दिसतील." पोरीला पटलं.

यंदाच्या फोटोत ती तारांसकट खळखळून हसली आहे. पणजीने काळ्या रंगासाठी खटपट केली, पणतीला पांढरा हवा. फॅशन तीन पिढ्यांत उलटी झाली! सकाळ-रात्र दात घासायचे, हे मात्र दोघींनाही चुकलेलं नाही. फराळाच्या चकल्या-चिरोट्यांनंतर तर नाहीच नाही.