शेखाडीचा हिशोब

गेल्या शनिवारी मित्रांना दिवेआगर-श्रीवर्धन रस्ता दाखवायला गाडी काढली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे शेखाडी. तिथे थांबलो आणि मी १९९३ चा विषय काढला. (याला सहलीला आणू नये, असं एकमताने ठरलं.)

फेब्रुवारी १९९३ मध्ये टायगर मेमनचं आरडीएक्स इथेच उतरलं. १२ मार्चला मुंबईत १२ स्फोट झाले, २५७ माणसं गेली.

गॅरी बेकर या अर्थतज्ज्ञाने १९६८ साली मांडलं, की गुन्हेगारही हिशोबी असतो: फायदा किती, सापडायची शक्यता किती, शिक्षा किती. एका परीक्षेला उशीर होत असताना गाडी बेकायदा लावावी का, या विचारातून त्याला हे सुचलं होतं. आपण रोज करतो तेच की!

किनाऱ्यावर ही थिअरी चपखल बसते. इथे वर्षानुवर्षं सोनं-चांदी उतरायची आणि गप्प बसण्याचे पैसे मिळायचे. ९ जानेवारी १९९३ ला दिघीला शस्त्रं उतरली. ती घेऊन निघालेल्या गाड्या पोलिसांनी गोंडघर फाट्यावर अडवल्या. सौदा ठरला, पण रोख कमी पडली, म्हणून चांदीच्या विटा तारण! अशा धंद्यात आत काय आहे ते न बघण्यातच फायदा असतो. पुढे टाडा कोर्टात पोलिसांना आणि कस्टम्सच्या अतिरिक्त कलेक्टरलाही शिक्षा झाली.

आता बॉम्ब ठेवणारे. दंगलीचा सूड सगळ्यांच्या नावाने, मग जीव मी एकट्याने का धोक्यात घालू? हिशोबी माणूस घरी बसेल. तरी पोरं दुबईमार्गे पाकिस्तानात ट्रेनिंगला गेली. टायगर स्वतः मात्र स्फोटांच्या दिवशी पहाटेच दुबईला पसार झाला. मागे भाऊ याकूब २०१५ साली फासावर गेला. मित्र म्हणाला, सूडाचं समाधान हाच त्यांचा फायदा. अरे, पण असं म्हटलं तर काहीही केलं तरी हिशोब जुळतोच. कायम पास होणारी टेस्ट केस आम्ही ऑफिसात कचऱ्यात टाकतो.

त्यामुळे माझं मत असं, की ही थिअरी बॉम्ब ठेवणाऱ्यापाशी अडते, पण गोंडघर फाट्यावरच्या माणसाला पुरती ओळखते. आणि त्या रात्री त्याने एक पेटी उघडून बघितली असती, तर फेब्रुवारीत शेखाडीला बोट लावायची हिंमत कुणाला झाली असती का?