काक्षीवरचा पडदा

मृग नक्षत्रातला तांबूस काक्षी आपल्या सगळ्यांच्या पाहण्यातला. २०१९ च्या अखेरीस तो मंद होऊ लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्याचं तेज एरवीच्या जेमतेम एक तृतीयांश उरलं. घरातल्या म्हाताऱ्याला ठसका लागला की सगळे गोळा होतात, तसं जगभर झालं. तारा आता फुटणार, अशी बोलवा उठली.

काक्षीचं तेज कमीजास्त होतं, हे जॉन हर्शेलने १८३६ पासून टिपलं होतं. पुढे १३ डिसेंबर १९२० ला कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर पीझ आणि अँडरसन यांनी मायकेलसनच्या पद्धतीने त्याचा कोनीय व्यास मोजला, ०.०४७ विकला! सूर्य सोडला, तर असा मोजला गेलेला हा पहिलाच तारा. सूर्याच्या जागी ठेवला, तर तो मंगळाची कक्षाही गिळेल.

पण व्यास म्हणजे नुसता आकडा. असे तारे उतारवयात फुगतात, बाहेरचे थर सैल होतात, त्यांतून वायू निसटतो आणि थंड झाला की त्याची धूळ होते. ही धूळ चहूबाजूंनी सारखी पसरते की पुंजक्यापुंजक्यांनी, हे कळायला चित्रच हवं. चिलीतल्या पॅरानालच्या ८.२ मीटरच्या दुर्बिणीने ते दिलं.

डिसेंबर २०१९ च्या चित्रात ताऱ्याचा दक्षिणेकडचा भाग काळवंडलेला दिसला. सुदैवाने त्याच यंत्राने जानेवारी २०१९ मध्ये, म्हणजे सगळं सुरळीत असताना, घेतलेलं चित्र हाताशी होतं. त्यात तबकडी उजळ होती. दोन्ही शेजारी ठेवल्यावर अंधार एकाच बाजूला आहे, हे स्पष्ट झालं. जून २०२१ मध्ये मॉन्टार्जेस आणि सहकाऱ्यांनी उलगडा मांडला: ताऱ्याने वायूचा मोठा बुडबुडा बाहेर टाकला, पाठोपाठ पृष्ठभागाचा एक भाग थंड झाला, वायूची धूळ झाली आणि तिचाच पडदा आपल्या नजरेआड आला. एप्रिल २०२० पर्यंत तारा पूर्ववत झालाही होता.

मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते जानेवारीचं चित्र. तेव्हा काहीच घडत नव्हतं. इतिहासात आपण लढाया आणि राज्याभिषेक जपतो, साध्या दिवसाची नोंद मात्र रद्दीत जाते. ती नोंद नसती, तर डिसेंबरच्या चित्राची तुलना कशाशी केली असती?