टेकू आणि कोणार्कचे सूर्यमंदिर

जीर्णोद्धाराचे काम निघाले की आधी टेकू येतात. तुळई बदलावयाची तर वरचा भार काही दिवस बल्ल्यांवर घ्यावा लागतो. काम पुरे झाले की बल्ल्या काढून घेतात. परंतु ओडिशातील कोणार्कच्या सूर्यमंदिराला असा एक टेकू दिला गेला की, तो शंभर वर्षे निघाला नाही.

हे मंदिर तेराव्या शतकात गंग वंशातील राजा पहिला नरसिंहदेव याने बांधविले. एकोणिसाव्या शतकात मुख्य शिखर पार ढासळले. जगमोहन, म्हणजे सभामंडप, तेवढा उरला. तोही आत कोसळेल या भीतीने इ. स. १९०३ मध्ये त्या वेळच्या इंग्रज सरकारने आत वाळू भरून दरवाजे दगडांनी बुजविले. मंडप वाचला, हे खरेच. म्हणून १९८४ साली त्यास जागतिक वारशाचा मान मिळू शकला. पण पुढे वाळू खाली बसली, आणि कित्येक पिढ्यांना आत पाऊल टाकता आले नाही.

यावरून एवढेच ध्यानी घ्यावे की, टेकूने वेळ निभावते, देऊळ उभे राहते ते पक्क्या कामावर. असे काम दात्यांच्या उदार हातांनी व गावकऱ्यांच्या श्रमांनीच पुरे होते.