आठ पौंड टाका, दहा होतील

दर तीन महिन्यांनी माझ्या फोनवर एक मेसेज येतो. लॉग-इन करा आणि माहिती बदललेली नाही, याची खात्री द्या. मी लंडनच्या ट्यूबमध्ये उभ्या उभ्या ते करते. तुम्ही अजून नोकरी करता का? तुमचा जोडीदार करतो का? या वर्षी दोघांपैकी कुणाचं उत्पन्न एक लाख पौंडांच्या वर जाईल असं वाटतं का? या शेवटच्या प्रश्नाला मला दर वेळी हसू येतं. मग एक बटण दाबायचं, की पुढचे तीन महिने खातं चालू.

या खात्याचं नाव टॅक्स-फ्री चाइल्डकेअर. तुम्ही आठ पौंड भरलेत की ब्रिटनचं सरकार त्यात दोन घालतं. हे दहा पौंड फक्त नोंदणीकृत पाळणाघर, चाइल्डमाइंडर, शाळेनंतरचा क्लब अशा ठिकाणीच खर्च करता येतात. एका मुलामागे सरकारकडून तिमाहीला जास्तीत जास्त ५०० पौंड, म्हणजे वर्षाला २,००० मिळतात. मूल अपंग असेल तर मर्यादा दुप्पट. गणित साधं आहे. इथला कराचा मूळ दर वीस टक्के, म्हणजे दहा पौंड कमावले की हातात आठ येतात. गेलेले दोन सरकार परत करतं, म्हणून नाव ‘टॅक्स-फ्री’.

माझी आई सांगलीहून आली होती तेव्हा मी तिला हे खातं कौतुकानं दाखवलं. ती म्हणाली, “पासबुक कुठंय?”

आईला पासबुकच आठवणार. माझ्या आजीचं पोस्टात खातं होतं, आणि ते पासबुक ती देव्हाऱ्याच्या खालच्या खणात ठेवायची. आता गंमत बघा. माझं हे ॲपमधलं खातं आणि आजीचं पोस्टाचं पासबुक एकाच घराण्यातले आहेत, आणि त्या घराण्याच्या मुळाशी एक अफरातफर आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये मजुरांसाठी बचत बँका होत्या. गावातली प्रतिष्ठित माणसं विश्वस्त म्हणून त्या चालवायची. विणकर, मोलकरणी, लहान दुकानदार तिथं शिलिंग-शिलिंग जमा करायचे आणि सगळ्यांना वाटायचं, यामागे सरकार आहे. तसं ते नव्हतं. कापडगिरण्यांच्या रॉचडेल गावात १८४९ मध्ये तिथल्या बचत बँकेचा कारभार बघणारा जॉर्ज हॉवर्थ वारला. मग हिशेब तपासले तर सुमारे ७१ हजार पौंड गायब. गावात सगळ्यांचा विश्वास असलेला माणूस! पैसे गेले ते ज्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं त्यांचे. अशी प्रकरणं इतर गावांतही झाली होती.

हडर्सफील्डच्या चार्ल्स सायक्स नावाच्या बँकरनं मग अर्थमंत्री ग्लॅडस्टनला सुचवलं, की पोस्ट ऑफिस गावोगावी आहेच, तिथंच लोकांचे पैसे ठेवा आणि हमी सरकारनं घ्या. १८६१ मध्ये पोस्ट ऑफिस सेव्हिंग्ज बँक सुरू झाली. किमान ठेव एक शिलिंग, व्याज अडीच टक्के, आणि मागे खुद्द ब्रिटिश सरकार. एकवीस वर्षांनी, १८८२ मध्ये, हिंदुस्थानातही पोस्टाची बचत बँक आली. आजीच्या खणातलं पासबुक ते हेच. इंग्लंडातली बँक पुढं नॅशनल सेव्हिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट्स झाली. तिला एनएसअँडआय म्हणतात. ती अर्थखात्याच्या अखत्यारीत आहे, आणि माझं टॅक्स-फ्री चाइल्डकेअरचं खातं तीच चालवते.

‘पैसे सुरक्षित आहेत का?’ हा प्रश्न फक्त जुन्या काळातला आहे असं वाटत असेल, तर २००६ बघा. फेअरपॅक नावाची कंपनी नाताळच्या खरेदीसाठी लोकांकडून वर्षभर थोडे थोडे पैसे घ्यायची. आपल्याकडच्या भिशीसारखं किंवा सोनाराकडे भरतो त्या हप्त्यांसारखं म्हणा. ऑक्टोबरमध्ये, नाताळला दोन महिने असताना, कंपनी बुडाली. लाखाहून जास्त कुटुंबांचे जवळपास चार कोटी पौंड अडकले. ते बाजूला, वेगळ्या खात्यात ठेवावेत असं बंधन कंपनीवर नव्हतं. रॉचडेलनंतर दीडशेहून जास्त वर्षांनी तीच गोष्ट, तसेच लोक.

त्यामुळे ‘आमचे पैसे सरकारकडे आहेत’ हे वाक्य मी हलक्यात घेत नाही. पण पैसे सुरक्षित असणं आणि खातं उपयोगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी पाळणाघरांचा इतिहास थोडा बघावा लागतो.

ब्रिटनच्या सरकारला आया कामावर हव्या होत्या, तेव्हा पाळणाघरं झटपट उभी राहिली. डिसेंबर १९४१ मध्ये अविवाहित तरुण स्त्रियांना सक्तीच्या युद्धसेवेत आणलं गेलं, आणि मुलं असलेल्या स्त्रियाही कारखान्यांत हव्याच होत्या. युद्धाच्या अखेरीपर्यंत सरकारी पैशावर चालणारी दीड हजारांच्या आसपास पाळणाघरं होती. फी दिवसाला एक शिलिंग. युद्ध संपलं, पुरुष परत आले, मदत आटली, आणि बहुतेक पाळणाघरं बंद पडली. पुढची कित्येक दशकं मूल सांभाळणं ही आईची खासगी बाब राहिली. इतकी खासगी, की १९८४ मध्ये करखात्यानं कंपनीच्या पाळणाघराची सवलत हा पगाराबाहेरचा लाभ धरून त्यावर कर लावायला सुरुवात केली. कंपनीच्या मोटारीवर लागतो तसा! १९९० च्या बजेटमध्ये जॉन मेजरनं तो काढला.

मग व्हाउचर आले. आपल्याकडे ऑफिसात जेवणाची कुपनं मिळायची, तसंच हे. २००५ पासून आठवड्याला ५० पौंडांपर्यंतचं चाइल्डकेअर व्हाउचर करमुक्त झालं, पुढच्या वर्षी ५५. महिन्याला २४३ पौंड पगारातून आधीच वळते व्हायचे आणि त्यावर ना प्राप्तिकर, ना नॅशनल इन्शुरन्स. मूळ दरानं कर भरणाऱ्या एका पालकाचे वर्षाला सुमारे ९३० पौंड वाचायचे आणि दोघांचे मिळून साडेअठराशेच्या वर. पण खोट मोठी होती. तुमच्या कंपनीनं योजना घेतली असेल तरच फायदा. स्वतःचा धंदा करणाऱ्याला, लहान दुकानात काम करणारीला काही नाही.

मार्च २०१३ मध्ये सरकारनं जाहीर केलं, की व्हाउचर बंद करून थेट पालकांच्या नावानं खातं काढू. आधी मुलामागे वर्षाला १,२०० पौंड देणार होते, वर्षभरात ते २,००० केले. जवळपास वीस लाख कुटुंबांना फायदा होईल असं सांगितलं गेलं. खातं चालवायचं काम एनएसअँडआयला, म्हणजे व्यवहारात तिचं मागचं सगळं काम बघणाऱ्या ॲटॉस कंपनीला दिलं. व्हाउचर विकणाऱ्या कंपन्यांचा धंदाच बुडणार होता. त्यांच्यापैकी एडनरेड कोर्टात गेली. तिचं म्हणणं असं, की नवीन निविदा न काढता जुन्या कंत्राटातच एवढं मोठं काम घुसवलंय. प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात पोचलं आणि जुलै २०१५ मध्ये सरकार जिंकलं. पण योजना लांबली आणि एप्रिल २०१७ मध्ये सुरू झाली.

सुरू झाली आणि अडखळली. वेबसाइट कोरं पान दाखवायची. पालक खात्याबाहेर अडकायचे. सप्टेंबरमध्ये इंग्लंडमधल्या तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी आठवड्याला तीस तास मोफत पाळणाघराची सोय त्याच वेबसाइटवर आली आणि गोंधळ वाढला, कारण लोकांना वेळेत कोड मिळेनात. करखात्यानं माफी मागितली, काहींना भरपाई दिली. व्हाउचर एप्रिल २०१८ मध्ये बंद व्हायचे होते. संसदेत आरडाओरडा झाल्यावर सहा महिने मुदत वाढली. ४ ऑक्टोबर २०१८ नंतर नवीन माणसाला व्हाउचर नाही.

आता आमची गोष्ट. आम्ही २०१७ मध्ये इथं आलो. माझी मुलगी नोव्हेंबर २०१८ मध्ये जन्मली. नवऱ्याच्या कंपनीत व्हाउचर होते, पण ते दार महिन्याभरापूर्वी बंद झालेलं. नवीन खातं? आमच्या दोघांच्या कार्डांवर छापलेलं होतं, ‘नो पब्लिक फंड्स’. टॅक्स-फ्री चाइल्डकेअरसाठी जोडप्यातल्या एकाला तरी इथलं नागरिकत्व, कायम वास्तव्य किंवा सरकारी मदत घ्यायची मुभा लागते. वर्क व्हिसावरच्या माणसाला ती नसते. व्हाउचर ही कंपनीमार्फत मिळणारी करसवलत होती, तिथं व्हिसा आड येत नव्हता. म्हणजे जुनी योजना बंद करून सर्वांसाठी म्हणून आणलेल्या नव्या योजनेनं दुकानदाराला आत घेतलं आणि आमच्यासारख्यांना बाहेर ठेवलं. दोघंही दर महिन्याला कर भरत होतो. नावात ‘टॅक्स’ आहे म्हणून मला त्याचा जास्त राग यायचा.

तीन वर्षं पाळणाघराची पूर्ण फी भरली. माझा जवळजवळ सगळा पगार तिकडे जायचा. ‘मग तू घरीच का बसत नाहीस?’ हे भारतातून फोनवर विचारलं जायचं, तसं इथंही विचारलं जायचं, फक्त जरा गोड भाषेत. मुलगी तीन वर्षांची झाल्यावर सगळ्यांना मिळणारे आठवड्याचे पंधरा तास मोफत मिळाले, तेव्हा पहिल्यांदा श्वास घेतला. पाच वर्षं पूर्ण झाली, कायम वास्तव्य मिळालं, आणि त्याच आठवड्यात मी खातं उघडलं. दहा मिनिटं लागली.

उपयोग होतो का? होतो. पण मर्यादेत. वर्षाला २,००० मिळवायचे तर तुम्ही स्वतः आधी ८,००० भरायला हवेत. ज्याच्याकडे जास्त, त्याला जास्त. वर्षाचा खर्च ६,००० असेल तर सरकारचे १,२०० मिळतात. तेवढ्याच खर्चाला एकच मूल असलेल्या नोकरदार जोडप्याला जुन्या व्हाउचरमध्ये जास्त फायदा होता. कमी पगाराच्या कुटुंबाला युनिव्हर्सल क्रेडिटमधून पाळणाघराच्या खर्चाच्या ८५ टक्क्यांपर्यंत मिळू शकतात, पण दोन्ही योजना एकत्र घेता येत नाहीत. चुकीची निवडली तर नुकसान. आणि २०१४ मध्ये ठरवलेला २,००० चा आकडा आजही तोच आहे. पाळणाघरांची फी तोपर्यंत कुठल्या कुठं गेली.

सुरुवातीच्या वर्षांत सरकारच्या अंदाजापेक्षा खूपच कमी कुटुंबांनी खाती उघडली. मला वाटतं त्याचं मोठं कारण तीच सुरक्षा आहे, जिचं मी वर कौतुक केलं. लॉग-इनचे कोड, नोंदणीकृत पाळणाघराशिवाय कुणालाच पैसे न जाणं, दर तिमाहीला पुन्हा खात्री. जॉर्ज हॉवर्थला या खात्यात हात घालता आला नसता. पण रात्रपाळी करणारी, इंग्रजी फॉर्मला घाबरणारी, दोन मुलं आणि दोन नोकऱ्या सांभाळणारी बाई हा मेसेज विसरते आणि तिची सरकारी भर थांबते. माझ्या ओळखीच्या एका नर्सचं असं दोनदा झालं. हजेरी दर तीन महिन्यांनी घेण्याऐवजी वर्षातून एकदा घेतली असती तर फार कुणी चोरी केली असती असं मला वाटत नाही.

परवा पुन्हा मेसेज आला. मी तीन प्रश्नांची उत्तरं दिली. मुलगी आता शाळेत जाते, साडेतीननंतर क्लबमध्ये थांबते, त्याची फी या खात्यातून जाते. अकरा वर्षांची झाली की त्यानंतरच्या सप्टेंबरपासून हे खातं तिच्यासाठी संपेल. आईला सवयीनं स्क्रीनशॉट पाठवला. तिनं तो झूम करून पाहिला असावा, कारण दहा मिनिटांनी तिचा मेसेज आला: “शिल्लक एकशे बारा पौंड दिसतेय. कुठंतरी लिहून ठेव.”