विश्वामित्रीच्या मगरी आणि बडोदे शहर

पावागडचा डोंगर महाकालीच्या यात्रेमुळे महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांना परिचित आहे. त्याच डोंगराच्या कुशीत विश्वामित्री नदीचा उगम होतो. विश्वामित्र ऋषींनी या डोंगरावर तप केले अशी लोकांची श्रद्धा असून त्यांच्याच नावावरून नदीला हे नाव मिळाले असे मानतात. पश्चिमेकडे वाहत ही लहानशी नदी बडोदे शहराच्या मध्यातून जाते, पुढे ढाढर नदीला मिळते आणि अखेर खंभातच्या आखाताकडे जाते. नर्मदा किंवा मही यांच्यापुढे तिची गणती ओढ्यात करावी लागेल. परंतु या ओढ्याला एक असे वैशिष्ट्य लाभले आहे, की जे जगातील फारच थोड्या शहरांच्या वाट्याला आले असेल. लाखो माणसांच्या वस्तीमध्ये, पूल आणि बागा यांच्या सान्निध्यात, शेकडो मगरी येथे मोकळेपणाने राहतात. हिवाळ्याच्या सकाळी पुलावरून जाणारा मनुष्य क्षणभर थांबून खाली पाहतो, तेव्हा काठावरच्या चिखलात ऊन खात पडलेली मगर त्याच्या दृष्टीस पडते.

या मगरींचे रक्षण करावे की त्यांना शहराबाहेर घालवावे, या प्रश्नावर बडोद्यात वाद चालत आला आहे. तो मनुष्य आणि मगर यांच्यातला वाद असल्याचे वरवर दिसते. इतिहास तपासला असता मात्र त्याचे मूळ निराळेच असल्याचे आढळते.

मराठीत मगर आणि सुसर हे दोन शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. लांब, निमुळत्या जबड्याची, मुख्यतः मासे खाणारी ती घडियाल. विश्वामित्रीत आहे ती रुंद जबड्याची मगर. भारत, नेपाळ, श्रीलंका, पाकिस्तान आणि इराण एवढ्या प्रदेशात ती आढळते. नद्या, तळी, कालवे असे गोडे पाणी तिला मानवते. तथापि तिला पाण्याइतकीच गरज असते ती मातीच्या काठाची. काठात लांब बिळे कोरून ती कडक ऊन आणि थंडी यांपासून आपला बचाव करते. उन्हाळ्याच्या तोंडी मादी काठावर खड्डा खणून त्यात वीस-तीस अंडी घालते आणि दोन महिन्यांच्या सुमारास पिले बाहेर येईपर्यंत तेथे पहारा ठेवते. अंड्यांतून नर निघावा की मादी, हेदेखील त्या मातीच्या उष्णतेवर ठरते. सारांश, नदीचा काठ हे मगरीचे घर होय. पुढील हकीकतीत या गोष्टीला विशेष महत्त्व आहे.

आपल्या परंपरेने मगरीकडे भय आणि आदर अशा दोन्ही भावनांनी पाहिले आहे. गजेंद्रमोक्षाच्या कथेत हत्तीचा पाय धरणारा नक्र प्रत्यक्ष काळासारखा भासतो. खोटे रडणाऱ्याला आपण नक्राश्रू ढाळणारा म्हणतो. दुसऱ्या बाजूस नर्मदामाईचे वाहन मगर आहे आणि गुजरातेतील खोडियार देवीही मगरीवरच आरूढ झालेली दिसते. गोव्यात खाजण शेती करणारे काही ग्रामस्थ पौष अमावास्येला चिखलाची मगर घडवून तिची पूजा करतात; या विधीस ‘माणगे थापणी’ असे नाव आहे. नदीकाठी, खाडीकाठी राहणाऱ्या मनुष्याने या बलाढ्य शेजाऱ्याशी वैर धरण्यापेक्षा त्याची मर्यादा ओळखून वागणे शहाणपणाचे मानले, हाच या साऱ्याचा अर्थ.

१८७५ साली सयाजीराव महाराज बडोद्याच्या गादीवर आले, त्या वेळी नदी आणि शहर यांच्यामध्ये भरपूर मोकळी जागा होती. १८७९ साली विश्वामित्रीच्या काठी कमाटीबाग, म्हणजे आजची सयाजीबाग, उभी राहिली. त्या शतकाच्या अखेरीस शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी आजव्याचा तलाव बांधण्यात आला. या तलावाने बडोद्याची तहान भागविली. पण तो भरून वाहू लागला म्हणजे त्याचे पाणी विश्वामित्रीतच उतरते, हे बडोदेकर प्रत्येक पावसाळ्यात अनुभवतात. जुलै १९२७ च्या महापुराने गुजरातेत हाहाकार उडविला, तेव्हा बडोद्यालाही त्याचा तडाखा बसला. नदी लहान असली तरी पावसाळ्यात आपली जागा मागून घेते, हा धडा त्या पुराने दिला होता.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० साली ते गुजरातेत गेले. त्यानंतर शहराचे रूप झपाट्याने पालटले. कोयली येथे तेलशुद्धीकरणाचा कारखाना उभा राहिला, खतांचे व रसायनांचे कारखाने आले, त्यांच्या पाठोपाठ माणसे आली. विश्वामित्रीच्या दोन्ही अंगांना पाण्याने कोरलेल्या घळी आहेत. गुजरातीत त्यांना कोतर म्हणतात. पुराचे पाणी या घळींत पसरे आणि सावकाश ओसरे. वाढत्या शहराला त्या घळी रिकाम्या पडलेल्या भासल्या. कोठे भराव पडला, कोठे झोपड्या उभ्या राहिल्या, कोठे बंगले आणि इमारती चढल्या. सांडपाणी मात्र नदीतच जात राहिले.

याच काळात देशभर मगरींची अवस्था बिकट झाली होती. कातड्याच्या व्यापारासाठी आणि शिकारीच्या हौसेसाठी त्या इतक्या मारल्या गेल्या, की अनेक नद्यांतून त्यांचे नाव पुसले गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मगरीला पहिल्या अनुसूचीत स्थान देऊन तिच्या हत्येस बंदी केली. १९७५ साली केंद्र सरकारने संयुक्त राष्ट्रसंघाच्या साहाय्याने मगरींच्या संवर्धनाची योजना हाती घेतली. योगायोग असा, की वन्यजीवांच्या रक्षणासाठी झटणाऱ्या जागतिक संस्थेची भारतीय शाखा १९६९ साली स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद बडोद्याच्याच फत्तेसिंहराव गायकवाडांकडे आले. एकेकाळी शिकारीचा छंद जोपासणाऱ्या राजघराण्यांच्या पिढीतला हा पालट लक्षात घेण्याजोगा आहे.

कायद्याचे छत्र मिळाले आणि विश्वामित्रीतील मगरी वाढल्या. फेब्रुवारी २०२५ च्या गणनेत त्यांची संख्या चारशेहून अधिक भरली. नदीचे पाणी दूषित असूनही त्या तेथे टिकल्या, याला कारणे आहेत. घाणीवर जगणारे काटक मासे, काठावर भटकणारी डुकरे व कुत्री, नदीत टाकलेले मांसाचे अवशेष यांनी त्यांचे पोट भरते. आणि शहराने अद्याप न गिळलेला मातीचा काठ त्यांना बिळांसाठी मिळतो. म्हणजे ज्या शहराला मगरींची अडचण वाटते, त्याच शहराने नकळत त्यांचे अन्नछत्र उघडले आहे.

या शेजाराची किंमत मात्र सर्वांना सारखी पडत नाही. बंगल्याच्या गच्चीवरून मगर पाहणाऱ्याला ती निसर्गाचे आश्चर्य वाटते. पण ज्याला कपडे धुण्यासाठी, जनावरे पाजण्यासाठी किंवा जाळे टाकण्यासाठी पाण्यात उतरावेच लागते, त्याच्या दृष्टीने ती मृत्यूची छाया असते. गुजरातेत १९६० ते २०१३ या काळात मगरींनी माणसांवर केलेल्या हल्ल्यांचा अभ्यास बडोद्याचे प्राणिशास्त्रज्ञ राजू व्यास यांनी एका सहकाऱ्यासह प्रसिद्ध केला आहे. त्या हल्ल्यांत माणसे मृत्युमुखीही पडली आहेत. ज्याच्या घरचा मनुष्य गेला, त्याला संरक्षण-कायद्याचे कलम वाचून दाखविणे ही क्रूरता होय. मगरी येथून हलवा, अशी मागणी काठावरची माणसे करतात तेव्हा तिची वासलात अडाणीपणा म्हणून लावता येणार नाही. सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या काठी हीच मागणी आणि हेच दुःख ऐकू येते. २०२४ च्या पावसाळ्यात तर चिपळूणच्या रस्त्यावरून मगर चालत गेली.

तथापि हलवणे हा उपाय दिसतो तितका सरळ नाही. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी खाऱ्या पाण्यातील तीन मोठ्या मगरी पकडून दूर अंतरावर सोडल्या आणि त्यांचा माग ठेवला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तिन्ही परत आल्याचे आढळले. त्यांतील एक तर वीस दिवसांत चारशे किलोमीटरहून अधिक पोहून मूळ ठिकाणी पोचली. जी परत येत नाही, तिची रिकामी जागा दुसरी घेते. बडोद्यापासून फार दूर नसलेल्या केवडिया येथे जानेवारी २०१९ मध्ये पाण्यावर उतरणाऱ्या विमानासाठी एका तलावातील मगरी पिंजरे लावून पकडण्यास व अन्यत्र नेण्यास प्रारंभ झाला. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी विमान सुरू झाले. पुढच्याच वर्षी ते बंद पडले. मगरी मात्र आपल्या तलावाला मुकल्या.

बडोद्यातील वादाला निश्चित रूप आले ते नदीकाठ सुशोभित करण्याच्या योजनेमुळे. अहमदाबादेत साबरमतीचे दोन्ही काठ बांधून काढण्यात आले होते. तसेच काहीसे विश्वामित्रीवर करावे असा महापालिकेचा विचार होता. काही नागरिकांनी त्यास हरकत घेतली. पर्यावरणविषयक मंजुरीवाचून काम चालविल्याची त्यांची तक्रार पुण्यातील राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पीठापुढे गेली आणि मे २०१६ मध्ये कामास मनाई झाली. पुढे २५ मे २०२१ रोजी न्यायाधिकरणाने निर्णय दिला. नदीचे क्षेत्र आखून निश्चित करावे, तेथील अतिक्रमणे दूर करावीत, पूरक्षेत्र राखावे आणि नदीच्या पुनरुज्जीवनाचा आराखडा करून तो अमलात आणावा, असा त्याचा आशय होता. मगरीच्या निमित्ताने सुरू झालेली चर्चा अशा रीतीने नदीच्या सीमेपाशी येऊन ठेपली.

ही सीमा कोठे आहे, हे सांगण्यास नदीला न्यायालयाची गरज पडली नाही. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस कोसळला आणि मगरी रस्त्यांवर आल्या. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस पाणी पस्तीस फुटांच्या वर गेले. त्या पुरात तीन दिवसांत वनखात्याने आणि स्वयंसेवकांनी वस्त्यांतून २४ मगरी पकडल्या. त्यांत दोन फुटांचे पिल्लू होते, तशी चौदा फुटांची धिप्पाड मगरही होती. एक तर घराच्या छपरावर बसलेली लोकांनी पाहिली. वृत्तपत्रांनी ‘मगरी शहरात शिरल्या’ असे छापले. वस्तुतः शिरले होते ते पाणी, आणि पाणी ज्या मार्गाने गेले त्यांतील पुष्कळ मार्ग पूर्वी त्याचेच होते.

त्या पुरानंतर नदी खोल व रुंद करण्याचे काम मार्च २०२५ मध्ये सुरू झाले. पुराने घरे बुडालेल्या नागरिकांना ते काम तातडीचे वाटले, यात नवल नाही. परंतु मार्च ते जून हाच मगरीच्या विणीचा हंगाम. ज्या काठावर यंत्रे चालणार, त्याच काठात अंडी असणार. आणि पावसाळ्यापूर्वी काम उरकावयाचे तर दुसरा काळही हाती नव्हता. पुष्कळदा वाद उभा राहतो तो एका न्याय्य मागणीचा दुसऱ्या न्याय्य मागणीशी सामना झाल्यामुळे. दुष्ट माणसे त्याला लागतातच असे नाही.

अशाच एका सामन्याची हकीकत अमेरिकेतील सॅन डिएगो शहराजवळ घडली आहे. ला होया येथील समुद्रकिनाऱ्यावर मुलांना निर्धोकपणे डुंबता यावे म्हणून एलन ब्राउनिंग स्क्रिप्स या दानशूर महिलेने १९३१ साली भिंत बांधवून दिली. भिंतीमुळे पाणी शांत झाले, वाळू साचली आणि १९९० नंतरच्या काळात सील नावाचे समुद्री प्राणी तेथे विश्रांतीस व विण्यास येऊ लागले. किनारा मुलांचा की सीलांचा, यावर गाव दुभंगले. २००५ साली न्यायालयाने साचलेली वाळू काढण्याचा हुकूम दिला. २००९ साली राज्याने मूळ दानाच्या अटीच बदलल्या. अखेर २०१४ साली नगरपरिषदेने दरवर्षी १५ डिसेंबर ते १५ मे या विणीच्या काळात तेवढी वाळू माणसांना बंद केली आणि उरलेले महिने खुली ठेवली. भांडण त्यामुळे पुरते मिटले नाही. परंतु जागेची वाटणी होत नसेल तर काळाची वाटणी करता येते, एवढे त्या गावाला उमगले.

बडोद्याला अशा उदाहरणासाठी साता समुद्रांपलीकडे जाण्याचेही कारण नाही. जवळच्याच चरोतर प्रदेशात, आणंद व खेडा जिल्ह्यांतील गावतळ्यांत, मगरी आणि माणसे पिढ्यान् पिढ्या एकत्र नांदत आहेत. मलातज गावी तळ्याच्या काठी खोडियार मातेचे देऊळ आहे. तेथे बायका कपडे धुतात आणि पलीकडे मगरी उन्हात पडलेल्या असतात. तेथील लोकांना मगरीची बसण्याची जागा ठाऊक असते, पिलांच्या दिवसांत कोठे जाऊ नये हे मुलांना शिकविलेले असते. श्रद्धा त्यांना धीर देते आणि अनुभव त्यांना सावध ठेवतो.

खेड्याचे हे शहाणपण शहराला जसेच्या तसे उचलता येणार नाही. शहरात रोज नवा मनुष्य येतो. त्याला नदीची ओळख नसते. तेथे श्रद्धेचे काम व्यवस्थेला करावे लागते. ज्यांना पाण्यात उतरणे भाग पडते, त्यांना घरापाशी नळ आणि नदीपाशी सुरक्षित घाट हवा. विणीच्या काठांची निश्चिती हवी, सांडपाण्याचा बंदोबस्त हवा. घळींपैकी ज्या अजून शिल्लक आहेत, त्या पाण्यासाठी राखून ठेवल्या पाहिजेत. यांपैकी प्रत्येक गोष्ट मगरीसाठी जितकी हितकर आहे, तितकीच काठावरच्या गरीब कुटुंबासाठीही आहे. कारण पुराचे पाणी प्रथम शिरते ते त्याच्याच घरात.

वटवृक्षांवरून आपले नाव पडले असे बडोदे अभिमानाने सांगते. वडाला जागा सोडावी लागते, कारण त्याच्या पारंब्या पुढे पसरणार हे लावणाऱ्याला माहीत असते. नदीच्या बाबतीत हे भान शहराला राहिले नाही. मातीचा काठ जेथे अजून मातीचा आहे, तेथे मगरीची बिळे आहेत, आणि पावसाळ्यात पाण्याला पसरण्यास वावही तेथेच आहे. उद्या एखाद्या हिवाळ्यात पुलावरून पाहणाऱ्याला त्या काठावर एकही मगर दिसली नाही, तर शहर सुरक्षित झाले असा निष्कर्ष त्याने घाईने काढू नये. पुढच्या पावसाळ्यात पाणी कोठवर येते, ते त्याने आधी पाहावे.