बेळगुंदीचा ‘ळ’ आणि यंत्राची बाराखडी

बेळगाव शहराच्या पश्चिमेस, राकसकोप जलाशयाच्या परिसरात बेळगुंदी हे गाव वसलेले आहे. घरात मराठी आणि कचेरीत कन्नड, हा या सीमाभागाचा नित्याचा अनुभव होय. पाटीवर एकाच गावाचे नाव दोन लिप्यांत लिहिलेले पाहण्यास येथील डोळे सरावले आहेत. या नावातील दुसरे अक्षर ‘ळ’ हे होय. ते प्रमाण हिंदीच्या वर्णमालेत नाही. मराठीत आहे आणि कन्नडमध्येही आहे. संगणकाच्या पोटात या अक्षराला जागा कशी मिळाली, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

यंत्राला अक्षर कळत नाही, त्याला केवळ संख्या कळते. म्हणून प्रत्येक अक्षरास एक क्रमांक नेमून द्यावा लागतो आणि अशा क्रमांकांच्या कोष्टकास संकेतावली म्हणतात. १९६३ साली अमेरिकेत ‘आस्की’ ही संकेतावली प्रसिद्ध झाली. तिच्यात एकूण १२८ जागा होत्या. रोमन अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि यंत्राच्या आज्ञा एवढ्यांतच त्या संपल्या. जगातील इतर लिप्यांचा विचार करण्याचे त्या कोष्टकाच्या कर्त्यांना प्रयोजन नव्हते आणि पुढे कित्येक वर्षे संगणक म्हणजे इंग्रजी हे समीकरण दृढ होऊन बसले.

यंत्रासाठी लिपीलाच मुरड घालावी, हा विचार आपल्याकडे संगणकाच्या आधीपासूनचा आहे. १९५३ साली लखनौ येथे भरलेल्या लिपिसुधार परिषदेत ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या डावीकडून उचलून उजवीकडे न्यावी, असा निर्णय झाला होता. ‘दि’ म्हणताना आधी द उच्चारला जातो आणि मग इ. लिहिताना मात्र वेलांटी आधी येते. टंकलेखनयंत्राला आणि छापखान्याला ही अडचण वाटे. परंतु लोकांच्या हाताने आणि डोळ्यांनी तो बदल स्वीकारला नाही आणि तो मागे घ्यावा लागला. यंत्राच्या सोयीखातर लिपी वाकवावी, की लिपीच्या प्रकृतीप्रमाणे यंत्र घडवावे, हा प्रश्न मात्र शिल्लकच राहिला.

त्याचे उत्तर पुढे तीस-पस्तीस वर्षांनी मिळाले. कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये भारतीय लिप्यांच्या संगणकीय लेखनावर जे काम झाले, ते १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत पुढे वाढले. त्याच वर्षी ‘इस्की’ ही भारतीय संकेतावली सिद्ध झाली आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने तिला आय.एस. १३१९४ या क्रमांकाने मान्यता दिली. तिच्यातील मुख्य कल्पना ही, की यंत्राने अक्षराचा आकार न साठवता उच्चाराचा क्रम साठवावा. ‘दि’ साठवताना आधी द आणि मग इकार. कागदावर वा पडद्यावर उमटवताना वेलांटी डावीकडे नेण्याचे काम यंत्राने आपले आपण करावे. लखनौस ज्या अडचणीपायी लिपी बदलण्याचे घाटत होते, ती अडचण अशा रीतीने लिपीस धक्का न लावता दूर झाली.

दुसरी कल्पना याहून व्यापक होती. ब्राह्मीपासून उपजलेल्या सर्व लिप्यांची वर्णमाला मुळात एकच आहे, हे ध्यानी घेऊन सर्वांसाठी एकच कोष्टक आखले गेले. देवनागरी ‘क’ आणि कन्नड ‘क’ यांना एकच क्रमांक. लिपी कोणती दाखवावयाची ते निराळ्या खुणेने सांगावयाचे. हे कोष्टक केवळ हिंदीपुरते आखले असते, तर ‘ळ’ला त्यात जागा मागावी लागली असती. परंतु मराठी, गुजराती, ओडिया, कन्नड, तेलुगू, तामिळ, मल्याळम अशा अनेकांना तो हवा होता. म्हणून तो आरंभापासूनच पंक्तीस बसला. कळफलकाचीही रचना याच तत्त्वावर झाली. १९८६ सालच्या ‘इन्स्क्रिप्ट’ आराखड्यात ज्या कळीवर देवनागरी ‘ळ’ आहे, त्याच कळीवर कन्नड ‘ळ’ आहे. ज्याच्या बोटांना मराठी टंकलेखन अवगत झाले, त्याला कन्नडसाठी बोटांची निराळी शिकवणी लावावी लागत नाही.

१९९१ साली युनिकोड या जागतिक संकेतावलीची पहिली आवृत्ती निघाली. तिच्या कर्त्यांनी १९८८ ची इस्की पुढे ठेवूनच भारतीय लिप्यांची मांडणी केली. एकाच पानावर अनेक लिप्या निर्वेधपणे नांदाव्यात, म्हणून येथे प्रत्येक लिपीस स्वतंत्र १२८ जागांचा वाडा मिळाला. पण वाड्यातील खोल्यांचा क्रम तोच राहिला. दशमान पद्धतीने सांगावयाचे, तर देवनागरी ‘क’ २३२५ वा आणि कन्नड ‘क’ ३२२१ वा. देवनागरी ‘ळ’ २३५५ वा आणि कन्नड ‘ळ’ ३२५१ वा. दोन्हीकडे अंतर नेमके ८९६ चे. मात्र एवढी बेरीज करून एका लिपीतील नाव दुसरीत बिनचूक उतरेल, असे नाही. १ नोव्हेंबर २०१४ पासून शासकीय व्यवहारात बेळगावचे जे नाव रूढ झाले, त्याच्या कन्नड रूपातील पहिला एकार ऱ्हस्व आहे. मराठी लेखनात ऱ्हस्व एकार नाहीच. अक्षरे शेजारी असली, तरी भाषांचे उच्चार आपापलेच राहतात.

या शेजाराचा सर्वांत सुंदर दाखला ‘ऱ्य’ या जोडाक्षरात सापडतो. ‘मार्कंडेय नदीच्या खोऱ्यात’ एवढे शब्द लिहिले, तर त्यात अर्ध्या र ची दोन रूपे येतात. ‘मार्कंडेय’ मध्ये रफार आहे आणि ‘खोऱ्यात’ मध्ये आडवी रेघ. हा भेद शोभेचा नव्हे. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. यंत्राने भेद राखला नाही, तर मुदपाकखान्यातील माणूस थेट व्यासपीठावर जाऊन बसतो. हा आडवा र साधण्यासाठी कोष्टकातील ‘ऱ’ची जागा उपयोगी आली. ही जागा मुळात दक्षिणेकडील भाषांच्या कठोर र साठी राखलेली आहे. जुन्या कन्नडमध्ये ते अक्षर होते, पुढे ते वापरातून गेले. त्याच्या जोडीच्या जागेवर आज मराठीचा ‘खोऱ्यात’ उभा आहे.

सर्व काही आपोआप मिळाले असे मात्र नव्हे. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र क्रमांक मिळण्यास २००८ साल उजाडावे लागले. ॲल्युमिनियम या धातूचे नावदेखील तोपर्यंत ‘अ’ला वर चंद्र जोडूनच लिहावे लागे. २००९ साली महाराष्ट्र शासनाने वर्णमाला अद्ययावत केली, तेव्हा ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना तिच्यात रीतसर स्थान दिले. आपल्या बखरी आणि दप्तरे ज्या मोडीत लिहिली गेली, तिला युनिकोडमध्ये प्रवेश मिळाला तो २०१४ साली, ७१,१६८ या क्रमांकापासून पुढे.

परंतु केवळ क्रमांक मिळाल्याने भाषेचे काम भागत नाही. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीहून निराळी आहेत, पण क्रमांक एकच. कोष्टकात ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ येतो, मराठी वर्णमालेत आणि कन्नड वर्णमालेतही तो ‘ह’च्या नंतर येतो. क्रमांकाबरहुकूम यादी लावली, तर बेळगुंदी भलत्याच ठिकाणी जाऊन पडते. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ तर ‘क’ आणि ‘ज’ यांच्या घरात शिरतात. म्हणून संकेतावलीच्या जोडीला ‘लोकॅल’ नावाची दुसरी व्यवस्था करावी लागते. त्या भाषेचा वर्णानुक्रम कोणता, महिन्यांची आणि वारांची नावे कोणती, आकडे कसे लिहावयाचे, संख्येत स्वल्पविराम हजारानंतर लाखावर द्यावयाचा की दशलक्षावर, हे सर्व तीत नोंदलेले असते. मराठीच्या या नोंदीस दोनच गोष्टी ओळख म्हणून पुरतात : भाषा मराठी, देश भारत.

या नोंदीत राज्याचे नाव नाही, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, पुढल्या वर्षी त्याचा अहवाल आला आणि २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या साऱ्या घडामोडींचा मागमूस यंत्राच्या त्या नोंदीत नाही. पुण्याच्या मराठीला जो वर्णानुक्रम, तोच बेळगुंदीच्या मराठीला. आणि शेजारच्या कन्नडलाही तेवढ्याच तोलाची स्वतंत्र नोंद. कोणत्या कचेरीत कोणती भाषा चालावी, हे कोष्टक ठरवीत नाही. तो माणसांचा आणि न्यायसंस्थांचा विषय होय. परंतु अक्षराला जागाच नसती, तर त्या प्रश्नाचा निकाल वादी-प्रतिवादींचे म्हणणे ऐकण्यापूर्वीच लागून गेला असता. तशी पाळी आली नाही, कारण कोष्टक आखणाऱ्यांनी भाषांची मोजदाद करताना कोणालाही लहान मानले नाही. आज बेळगुंदीतील एखादा विद्यार्थी आपल्या गावाचे नाव टंकित करतो, तेव्हा आठ क्रमांकांची एक ओळ यंत्रात उमटते आणि तिच्यातला तिसरा क्रमांक २३५५ असतो. शेजारच्या घरातील त्याचा सोबती तीच कळ दाबून ३२५१ उमटवितो. दोघांच्याही नावातला ‘ळ’ शाबूत राहतो.