परवाना आणि संशय

१९४८ साली नागपूरचे नभोवाणी केंद्र सुरू झाले आणि यवतमाळकरांना जवळचे केंद्र लाभले. पण रेडिओ विकत घेतला म्हणजे तो आपला झाला, असे नव्हते. १९३३ च्या कायद्यान्वये बिनतारी यंत्र परवान्याविना बाळगणे हाच गुन्हा होता. पहिल्या खेपेस दंड १०० रुपयांपर्यंत, पुढे २५० पर्यंत. म्हणून दरवर्षी पोस्टात पैसे भरून परवान्याच्या पुस्तिकेवर तिकिटे लावून घ्यावी लागत.

खरी मेख पुढेच आहे. ज्याच्या ताब्यातील जागेत यंत्र असेल, त्याच्याच कबजात ते आहे असे न्यायालयाला गृहीत धरता येई. मात्र आधी यंत्र सापडावे लागे. संशयाला निदान वस्तूचा आधार हवा होता.

१९८५ साली आपल्याकडचे हे परवाने रद्द झाले. ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीचा परवाना अजून आहे, आणि परवाना नसलेल्या पत्त्यावर, घरात संच नसला तरी, ताकिदीची पत्रे येतात. तिथल्या मराठी बिऱ्हाडांनी त्यांना बिचकू नये. ज्याला परवान्याची गरजच नाही, त्याने उत्तर द्यावे अशी सक्ती कायद्यात नाही. वॉरंटाविना तपासनिसाला उंबरठा ओलांडण्याचा हक्कही नाही. रिकाम्या खोलीने आपले रिकामेपण सिद्ध करावे, एवढी मागणी तर १९३३ च्या परकीय सरकारनेही केली नव्हती.